जन्मदिवस आणि त्या दिवशीचे जग

सरकारदरबारी माझा जन्म १ जून १९४८ चा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या पिढीतील कित्येकांना हीच तारीख बहाल केली. परिणामी मी नोकरीतून साडेतीन महिने आधीच निवृत्त झालो! आजी मात्र निराळेच सांगे. निजामांनी रेडिओवरून लढाई थांबविल्याचे जाहीर केले, त्या संध्याकाळी नल्लकुंट्याच्या आमच्या माजघरात मी पहिला टाहो फोडला. म्हणजे १७ सप्टेंबर १९४८. आजी स्वतः मुसीच्या महापुराच्या दिवशीची, २८ सप्टेंबर १९०८ ची. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील ज्या चिंचेने त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसांना फांद्यांवर तारले, तिच्याजवळून जाताना मला आजीचे वय आठवावे लागत नसे.

आज आपण जन्मवेळ मिनिटापर्यंत नोंदवितो. परंतु ती वेळ पुष्कळदा पंचांगाने ठरविलेली असते, हे आपणा व्यवसायबंधूंना मी काय सांगावे! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणातील ६०.७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले; देशाची सरासरी २१.५ होती. हे सारे मुहूर्ताचे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि वैद्यकीय कारण नसता एकोणचाळीस आठवड्यांपूर्वी बाळाला बाहेर काढले, तर त्याला श्वसनाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, हे ठाऊक असूनही आपण मान डोलावतो. यजमान नाराज होतील, शेजारच्या रुग्णालयात जातील, ही भीती आपल्याला असते. मीही एकेकाळी डोलावली आहे.

आमच्याच घरी २०२० साली हा प्रसंग आला. सुनेच्या माहेरच्यांना २५ मार्चचा पाडवा हवा होता. साडेतीन मुहूर्तांतला तो एक. मी ठाम नकार दिला आणि दोन दिवस घरात अबोला धरला गेला. नात आली ती आपल्या मर्जीने, २२ मार्चला, फाल्गुन वद्य चतुर्दशीस. जनता कर्फ्यूमुळे रस्ता निर्मनुष्य होता. सायंकाळी पाच वाजता गच्च्यागच्च्यांवरून थाळ्यांचा गजर झाला, त्याच सुमारास ती रडली. व्याही दूरध्वनीवर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, असे स्वागत पाडव्यालाही झाले नसते." पाडव्याला तर साऱ्या देशाला कुलूप लागले होते.

माझी सूचना अगदी साधी आहे. मुहूर्त विचारणाऱ्या पालकांना आपण नकार द्यावा आणि त्याऐवजी घरी जाण्याच्या कागदासोबत एक कोरे पान द्यावे. त्या दिवशी गावात काय घडले, पाऊस होता का, भाजीचा भाव काय होता, घरात कोण कोण होते, हे आजी-आजोबांनी त्यावर लिहावे. नातीच्या पानावर मी लिहिले: "आज दूधवाला आला नाही. तुझे आजोबा मुखपट्टी लावून खाली उभे होते. त्यांना वर सोडले नाही. तुला पाहिले ते आठव्या दिवशी, दारातून."