डॉक्टरांच्या शिकवणीची फी कोण भरतो?

वैद्यकीय पदवी हाती पडली की डॉक्टरचे शिक्षण संपले, असा समज आपल्याकडे सर्वसाधारणपणे आढळतो. दवाखान्याच्या भिंतीवरील प्रमाणपत्र पाहून रुग्ण निश्चिंत होतो. ते कोणत्या साली मिळाले, हे सहसा तो वाचत नाही. वस्तुतः वैद्यकशास्त्राइतक्या झपाट्याने जुने होणारे ज्ञान विरळाच. १९८० च्या सुमारास पदवी घेतलेल्या डॉक्टरला पोटातील अल्सर हा मानसिक ताण आणि वाढलेले आम्ल यांमुळे होतो, असे शिकवले गेले होते. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी पुढील काही वर्षांतच त्यामागे बहुतेक वेळा एक जंतू असतो, असे दाखवून दिले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्षयरोगाचेच पाहा. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची सरकारी पद्धत २०१७ पासून मागे पडून रोज औषध देण्याची पद्धत आली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ चालणारे उपचार सहा महिन्यांत पुरे करणारी नवी पद्धत केंद्र सरकारने २०२४ साली मंजूर केली. डॉक्टर या गोष्टी कुठे शिकतो, कोणाकडून शिकतो आणि त्याच्या शिकवणीची फी कोण भरतो, हे प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकव्यवसायाचे राहत नाहीत. ते तुमच्या-आमच्या घरखर्चाचे आणि प्रसंगी जिवाचेही प्रश्न ठरतात.

अनुभव वाढतो तसे कौशल्यही वाढते, हे गृहीतकही तपासून घेतले पाहिजे. व्यवसायातील वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणाऱ्या ६२ पाहण्यांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक पाहण्यांत वर्षे वाढत गेली तसा दर्जा उतरत गेल्याचे दिसले. आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या प्रकारचे उपचार लिहून दिले, असे १९९१ साली एका अभ्यासात आढळले होते. दोन दशकांनंतर मुंबईतच तशी पाहणी पुन्हा झाली व २०१० साली प्रसिद्ध झाली. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे उपचार लिहिले आणि अचूक उपचार लिहिणारे केवळ ६ निघाले. ही दुसरी पाहणी निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला आलेल्या डॉक्टरांमध्येच घेतली गेली होती. म्हणजे शिकण्याची निकड ज्यांना वाटली, त्यांची ही स्थिती होती.

तासांचा हिशेब

कायद्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे, असे म्हणता येणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनुसार प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणात घालवले पाहिजेत. महाराष्ट्रातही नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी श्रेयांक, म्हणजे रूढ भाषेत क्रेडिट पॉइंट, जमवावे लागतात. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला सहा तास. हे प्रमाण अल्प आहे हे उघडच आहे. परंतु खरी उणीव मोजमापात आहे. नियम तास मोजतो, शिकणे मोजत नाही. सभागृहात नाव नोंदवून उपाहारानंतर निघून गेलेला डॉक्टर आणि शेवटपर्यंत बसून शंका विचारणारा डॉक्टर, दोघांच्याही खात्यावर सारखेच श्रेयांक जमा होतात. आम्हा प्राध्यापकांना बढतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात. तेव्हा हजेरी आणि अध्ययन यांतील अंतर आम्हाला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पैशाचा मार्ग

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकसेवेच्या अर्थकारणावर जो निबंध लिहिला, तो या विषयाचा पाया मानला जातो. बाजारात भाजी घेणारा ग्राहक भाजीची पारख करू शकतो. रुग्ण उपचारांची पारख करू शकत नाही. काय विकत घ्यायचे, हे त्याच्या वतीने डॉक्टरच ठरवतो. या असमतोलामुळे औषध विकू पाहणाऱ्या कंपनीचे खरे गिऱ्हाईक रुग्ण नसून डॉक्टर ठरते. डॉक्टरच्या मतावर प्रभाव टाकण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग म्हणजे त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलणे. परिषदेचे सभागृह, वक्त्याचे मानधन, भोजन, प्रवास हे सारे कंपनीने केले म्हणजे वक्ता खोटे बोलेलच असे नाही. बहुतेक वक्ते आपल्या परीने खरेच बोलत असतील. परंतु कोणता विषय निवडायचा, हे पैसा ठरवतो. नव्या, महाग औषधावर व्याख्यान होते; जुन्या, स्वस्त औषधाने तेच काम होते किंवा या आजारात औषधाची गरजच नाही, या विषयावर व्याख्यान ठेवण्यात कोणत्याही कंपनीचा लाभ नसतो. जे शिकवले जाते त्याहून जे शिकवले जात नाही, त्याची किंमत रुग्णाला अधिक मोजावी लागते.

हा प्रवाह अडवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कंपन्यांकडून भेटी, प्रवास व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना २००९ साली बंदी झाली. मात्र २०१६ साली या नियमातून डॉक्टरांच्या संघटना वगळण्यात आल्या आणि पैशाला वळसा घालून जाण्याची वाट मिळाली. अशा भेटींवरील खर्च आयकरातून वजावट म्हणून मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आणि हा खर्च अखेर औषधाच्या किमतीत मिसळून जनतेकडूनच वसूल होतो, हेही नमूद केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले. कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये, अशी स्पष्ट तरतूद त्यांत होती. पण जेनेरिक नावाने औषध लिहिण्याच्या सक्तीवरून गदारोळ माजला, तीन आठवड्यांतच सर्व नियम स्थगित झाले आणि वाद ज्या कलमावर फारसा नव्हता, तेही त्यांच्याबरोबर बासनात गेले. मार्च २०२४ मधील औषध विपणन संहितेने कंपन्यांना काही अटींवर असे कार्यक्रम घेण्याची मुभा दिली. परदेशी स्थळे व वक्त्यांखेरीज इतरांचा पाहुणचार तिने निषिद्ध ठरवला, परंतु तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी मुख्यतः कंपन्यांच्याच संघटनांवर सोपवली आहे.

ऑनलाइन शिक्षणाने काय बदलले?

कंपन्यांच्या पैशाचे समर्थन आजवर एकाच मुद्द्यावर होत असे: परिषदा खर्चाच्या असतात, तो खर्च दुसरे कोण करणार? ऑनलाइन शिक्षणाने हा मुद्दाच निकालात काढला आहे. सभागृह नको, प्रवास नको, मुक्काम नको. एकदा तयार झालेला पाठ शंभरांनी पाहिला काय किंवा दहा हजारांनी, वाढीव खर्च जवळजवळ शून्य. याहून मोठा लाभ खेड्यातील डॉक्टरचा आहे. गडचिरोलीतील डॉक्टर नागपूरला परिषदेस जातो तेव्हा दवाखाना दोन दिवस बंद राहतो. त्याची मिळकत बुडते आणि रुग्णांची गैरसोय होते. ऑनलाइन शिक्षण हे दुहेरी नुकसान टाळते. अशा शिक्षणाने डॉक्टर काही कमी शिकतात असेही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात इंटरनेटद्वारे दिलेले शिक्षण पारंपरिक वर्गांच्या तोडीचे ठरल्याचे दिसले.

तथापि केवळ माध्यम बदलले म्हणून शिक्षण सुधारत नाही. एकतर्फी व्याख्यानाने डॉक्टरच्या प्रत्यक्ष वागणुकीत फरक पडत नाही, चर्चा व सराव असेल तरच पडतो, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका आढाव्याने दाखवले होते. तेच व्याख्यान मोबाइलच्या पडद्यावर आणले, तर फरक इतकाच की पूर्वी डॉक्टर मागच्या रांगेत बसून डुलक्या घेत असे, आता मोबाइल बोलत राहतो आणि डॉक्टर दुसऱ्याच कामात असतो. प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडे मिळते. शिवाय कंपनीचा खर्च कमी झाला म्हणजे तिचा प्रभाव कमी झाला असे नव्हे. पूर्वी जेवढ्या पैशात दोनशे डॉक्टर गाठता येत, तेवढ्यात आता हजारो गाठता येतात. स्वस्ताईचा लाभ समाजाने वेळीच घेतला नाही, तर तो विक्रेता घेणारच.

हा लाभ कसा घ्यावा, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे आहे. डॉक्टरांना निरंतर शिक्षण सक्तीचे करणारे पहिले अमेरिकी राज्य हेच. ते वर्ष १९७१. तेथे २००३ साली डॉ. संजीव अरोरा यांनी ‘एको’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हे यकृतविकारतज्ज्ञ. ‘हेपटायटिस सी’ या रोगाच्या रुग्णांना त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यात आठ-आठ महिने थांबावे लागे. अरोरा यांनी रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी खेड्यांतील डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र आणले. तिथे व्याख्यान अल्प. प्रत्येक डॉक्टर आपल्याच रुग्णाची माहिती मांडतो, तज्ज्ञ व इतर डॉक्टर त्यावर चर्चा करतात आणि पुढच्या आठवड्यात परिणामांचा आढावा घेतला जातो. ४०७ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठातील तज्ज्ञांच्या हाती ५७.५ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले. खेड्यांतील व तुरुंगांतील दवाखान्यांत ५८.२ टक्के. मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती या क्षेत्रांत बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने हाच मार्ग अनुसरला आहे.

काय करता येईल?

या अनुभवातून महाराष्ट्राला तीन गोष्टी घेता येतील. पहिली, निरंतर शिक्षणाचा खर्च सार्वजनिक निधीतून व नोंदणी-नूतनीकरणाच्या शुल्कातून व्हावा आणि अभ्यासक्रमाची जबाबदारी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ व वैद्यकीय महाविद्यालये यांनी घ्यावी. दुसरी, श्रेयांकांचा मोठा हिस्सा रुग्णचर्चेच्या वर्गांसाठी राखून ठेवावा. नुसत्या ऐकण्याला अल्प श्रेयांक द्यावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाच वर्षांत एकदा तरी प्रत्येक डॉक्टरच्या काही चिठ्ठ्या, रुग्णाचे नाव झाकून, समव्यावसायिकांनी तपासाव्यात. हेतू शिक्षेचा नसावा. त्याने पुढे काय शिकावे, हे सांगण्याचा असावा.

सरकारच्या हाती शिक्षण गेले की ते रटाळ होईल व सरकारी योजनांचा प्रचार सुरू होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. म्हणूनच अभ्यासक्रम मंत्रालयाने नव्हे, तर विद्यापीठाने ठरवावा आणि जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. आधीच कामाने वाकलेल्या डॉक्टरांवर आणखी बोजा कशाला, असेही म्हटले जाईल. परंतु आठवड्यातील एक तास, तोही आपल्याच रुग्णाविषयीच्या चर्चेत गेलेला, हा बोजा नव्हे. खेड्यात एकट्याने निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला तो आधारच वाटेल.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. त्यात औषधांचा वाटा मोठा आहे आणि त्या औषधांच्या किमतीत डॉक्टरांच्या पुरस्कृत शिकवणीची फीही दडलेली आहे. म्हणजे ती फी आजही आपणच भरतो; फक्त शिक्षक नेमण्याचा अधिकार आपण दुसऱ्याला देऊन टाकला आहे. फी भरणाऱ्याने तो अधिकार परत मागणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. प्रामाणिक डॉक्टरला आणि अजाण रुग्णाला एकाच वेळी उपयोगी पडणारी अशी मागणी क्वचितच हाती लागते.