सेशन म्हणजे माळा नव्हे

घरात कुठे ठेवायचं हे न सुचलेली प्रत्येक वस्तू आपल्याकडे माळ्यावर जाते. वेब प्रोग्रामिंगमध्ये तीच गत सेशनची. या पानावरचा ऑब्जेक्ट पुढच्या पानावर हवाय? टाक सेशनमध्ये! डेमो झकास होतो, सगळे खूश.

एचटीटीपीला आठवण नसते, म्हणून सर्व्हर कुकीतून एक आयडी देतो आणि त्या आयडीच्या नावाने सामान सांभाळतो. इथपर्यंत ठीक. माझं भांडण आहे ते अख्खा ऑब्जेक्ट त्यात कोंबण्याशी.

मेमरीचा मुद्दा सगळेच सांगतात. जुन्या एएसपी.नेटमध्ये टाइमआउट मुळात २० मिनिटांचा, तोही शेवटच्या रिक्वेस्टपासून. २०० केबीचा ऑब्जेक्ट, २००० जिवंत सेशन, म्हणजे ४०० एमबी गेले. पण मेमरी विकत घेता येते हो, त्याचं एवढं काही नाही.

त्रास सुरू होतो दुसरा सर्व्हर आला की. सेशन प्रोसेसच्या बाहेर, म्हणजे स्टेट सर्व्हर किंवा डेटाबेसमध्ये न्यायचं तर आतलं सगळं सिरियलाइझ व्हायला हवं. ऑब्जेक्टच्या पोटात कुणी डेटाबेस कनेक्शन दडवलेलं असलं की बोंबला!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन टॅब. समजा, विमा एजंटने एका टॅबमध्ये एका ग्राहकाची पॉलिसी उघडली, दुसर्‍यात दुसर्‍याची. ब्राउझर एक, कुकी एक, म्हणून सेशनही एकच. 'चालू पॉलिसी' नावाच्या खणात आता दुसरी पॉलिसी बसलीय. एजंट पहिल्या टॅबवर येतो, वारसदाराचं नाव बदलतो, सेव्ह दाबतो. स्क्रीनवर पहिली पॉलिसी, वारसदार बदलला दुसरीचा. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. कळणार कधी? क्लेम आल्यावर. टेस्टर बिचारा एकाच टॅबमध्ये तपासतो, त्याला हे दिसतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'मग काय दर वेळी डेटाबेसकडे जायचं? परफॉर्मन्सचं काय?' अरे बाबा, प्रायमरी कीवरून एक ओळ आणायला डेटाबेसला कितीसा वेळ लागतो? अगदीच जड जात असेल तर कॅशे वापरा. कॅशे उडाला तर पुन्हा भरता येतो, सेशन उडालं तर माणूस पुन्हा पहिल्या पानावर. शिवाय सेशनमधला यूजर ऑब्जेक्ट शिळा होतो ते वेगळंच. ॲडमिनने अधिकार काढले तरी साहेब लॉगआउट होईपर्यंत साहेबच :)

एएसपी.नेट कोअरच्या सेशनमध्ये ऑब्जेक्ट थेट ठेवताच येत नाही, बाइट्स द्यावे लागतात. मला वाटलं होतं, आता तरी लोक विचार करतील. कसलं काय! जेसॉन करून तोच ऑब्जेक्ट परत आत.

मी सेशनमध्ये यूजरचा आयडी आणि भाषा ठेवतो. लॉगिन न केलेल्याची खरेदीची टोपली असेल तर वस्तूंचे आयडी आणि नग. पॉलिसी नंबर यूआरएलमध्ये जातो, आणि ही पॉलिसी या माणसाला बघायची मुभा आहे का, हे सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टला तपासतो. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू देत.