जेवण येईपर्यंतचा अर्धा तास

हरभऱ्यावरील घाटे अळीबद्दल या आठवड्यात लिहीन, असे गेल्या अंकात कबूल केले होते. ते आज राहून जात आहे. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी, कारण विषय तसाच आहे.

परवा लासलगावला जाणे झाले. लिलाव आटोपले होते. दुपारी एका खानावळीत चहाला टेकलो, तर शेजारच्या टेबलावर एक शेतकरी कुटुंब येऊन बसले. कांद्याची पट्टी हातात पडलेली आणि भावही बरा लागलेला असावा, कारण गडी खुशीत होता. बरोबर त्याची बायको, म्हातारी आई आणि दीडेक वर्षाचे पोर. त्यांनी जेवण सांगितले. गर्दी होती. वीस मिनिटे झाली तरी ताटे येईनात. पोराने आधी पाण्याचा पेला लवंडला, मग टेबलावर हात आपटले, मग गळा काढला. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले तशी सून बिचारी शरमून गेली. शेवटी आजीने पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली आणि दोन फुटाणे नातवाच्या हातावर ठेवले.

मी उठून गेलो. परक्या घरात बोलू नये हे मला कळते, तरी म्हणालो, "आजी, तेवढे फुटाणे परत घ्या."

"का बरं? आमची चार पोरं फुटाण्यावरच वाढली, साहेब."

"माझीही वाढली," मी म्हटले, आणि मग तिला आमच्या घरची हकिगत सांगितली. तीच आज इथे सांगतो.

२०२३ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. एका लग्नाहून आम्ही परतत होतो. नगर-मनमाड रस्त्यावर एका हॉटेलात रात्री जेवायला थांबलो. नात तेव्हा सोळा महिन्यांची. तिची रोजची जेवणाची वेळ सात, आणि आम्ही टेबलाशी बसलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मोठ्यांनी आपापल्या आवडीचे पदार्थ सांगितले. नातीसाठी वेगळे काही सांगावे हे कोणाच्या डोक्यात आले नाही. आमच्या ताटातले भरवू, असा हिशोब. अर्धा तास गेला. पोर भुकेने आणि झोपेने रडकुंडीला आलेले. माझ्या खिशात खाऱ्या दाण्यांची पुडी होती. सूनबाई हात धुवायला गेली होती. मी एक दाणा नातीच्या तोंडात टाकला. रडणे थांबले. मग दुसरा टाकला, आणि तिला हसवायला म्हणून गुदगुल्या केल्या.

तिला जोराचा ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आले. सूनबाई धावत आली. मिनिटभराने खोकला थांबला, पोर पुन्हा श्वास घेऊ लागले. "काय झालं, अण्णा?" तिने विचारले. मी म्हणालो, "काही नाही, ठसका लागला." दाण्याचे मी बोललो नाही. म्हटले, गेला असेल पोटात.

दुसऱ्या दिवसापासून नातीला खोकला सुरू झाला. रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येई. थंडी बाधली असेल म्हणून गावच्या डॉक्टरांनी औषध दिले. डॉक्टरांना दोष नाही, त्यांना ठसक्याची हकिगत कोणी सांगितलीच नव्हती. चौथ्या दिवशी ताप चढला तेव्हा नाशिकला बालरोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी दोन्ही बाजूंनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेंगदाणा, फुटाणा, बोराची बी असं काही खाताना ठसका लागला होता का?" सून म्हणाली, "नाही." मग मला बोलावे लागले. सुनेने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, पण ती नजर अजून विसरलो नाही.

एक्स-रेमध्ये दाणा दिसत नाही, असे तिथे कळले. धातूचे नाणे दिसते, दाणा दिसत नाही. एका बाजूच्या फुप्फुसात हवा कोंडलेली मात्र दिसली. पोराला भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून अर्धा शेंगदाणा बाहेर काढला. फुगून मऊ झालेला होता.

आता मी तीस वर्षे भुईमुगाबद्दल शेतकऱ्यांना सांगत आलेला माणूस. दाण्याला ओल मिळाली की तो फुगतो, आणि दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, हे मला कोणी शिकवायला नको. छातीत तेच होते. ओल मिळून दाणा फुगतो, वाट अडते आणि दाण्यातल्या तेलाने आतली नाजूक कातडी सुजते. दाढांचे म्हणाल तर पहिल्या दाढा वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास येतात, मागच्या दाढा यायला दोन-अडीच वर्षे लागतात. पुढच्या दातांनी पोर दाणा फोडते, पण दळायला जाते नाही. दोन फाकी होतात आणि हसताना, रडताना, पळताना श्वासाबरोबर एखादी आत ओढली जाते. म्हणून अख्खा दाणा, फुटाणा चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी भुईमुगाविरुद्ध लिहितो आहे असे कोणी समजू नये. दाण्याचा बारीक कूट भातात, भाजीत कालवून सहा महिन्यांनंतर खुशाल द्यावा.

माझ्या मते हॉटेलात लहान मुलाला खरा घोर असतो तो जेवण येईपर्यंतच्या अर्ध्या तासाचा. तेवढ्यात पोर भुकेजते, मोठी माणसे लाजतात आणि हाताला लागेल ते त्याच्या तोंडात जाते. काकडीचा तुकडा, गल्ल्यावरची खडीसाखर, लिमलेटची गोळी, काहीही. यावर उपाय सोपा आहे. पोराला घरून निघताना किंवा गाडीतच थोडे खाऊ घालावे. आणि टेबलाशी बसल्याबरोबर, आपले काय ते ठरण्याआधी, पोराचे सांगून टाकावे. तेही तयार असेल ते. खानावळीत वरण-भात कायम तयार असतो, सकाळच्या हॉटेलात इडली वाफेवर असते. भाजीला फोडणी पडायला वेळ लागतो. वरणात तिखट आहे का, हे आधी विचारावे, आणि ते वाफाळलेले असले तर निवू द्यावे. ओली चटणी, कापून ठेवलेली फळे, बर्फ यांच्या वाटेला जाऊ नये, पाणी घरचे उकळलेले न्यावे. हल्ली पोर रडले की मोबाईल हातात देतात. पोर गप्प बसते हे खरे, पण त्या नादात घास न चावता गिळते, म्हणून भरवताना तरी तो बाजूला ठेवावा.

दुसरी चीज चहा. मांडीवर मूल घेऊन चहा पिणारे आजोबा मी रोज पाहतो. पोराचा हात एका झटक्यात पेल्यापर्यंत पोहोचतो. ज्याच्या मांडीवर मूल, त्याचा चहा नंतर, असा आमच्या घरी आता नियम आहे. भाजलेच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. वीस मिनिटे फार वाटतात, पण धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतले काही लावू नये, आणि चटका मोठा असेल तर दवाखाना गाठावा. ढाब्यावर भट्टी दर्शनी असते आणि मागेपुढे ट्रक फिरत असतात. तिथे आतल्या कोपऱ्यातले टेबल धरावे.

आणि ठसका लागलाच तर? पोर मोठ्याने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. बोट घालून चाचपू नये, दाणा आणखी आत जातो. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर मात्र थांबू नये. वर्षाच्या आतले मूल हातावर पालथे, डोके खाली करून घ्यावे आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. दाणा निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबावे. वर्षावरच्या मुलाला वाकवून तशाच पाच थापा, आणि नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके. दाणा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिकाताईंना एकदा हे करून दाखवायला सांगा. वाचून हात वळत नाही.

ठसका थांबला तरी खाताना लागला होता, काय खाल्ले होते, कोणी दिले होते, हे घरात आणि डॉक्टरांना सांगावे. मी चार दिवस सांगितले नाही.

लासलगावच्या आजींनी फुटाणे परत पुडीत बांधले. मी वाढप्याला हाक मारून म्हटले, "बाळाचा वरण-भात आधी आण." तो तीन मिनिटांत आला. मोठ्यांची ताटे आली तेव्हा पोर आईच्या मांडीवर झोपले होते.

घाटे अळीबद्दल पुढच्या अंकात नक्की. तोवर पीक फुलावर आले असेल त्यांनी पक्ष्यांना बसायला शेतात मचाणे तेवढी रोवून घ्यावीत.