शब्दांच्या सहवासात : पंचेचाळीस अक्षरांचा शब्द

वाचकहो, मागील अंकातील प्रश्नाला आपण उत्साहाने उत्तरे धाडलीत, त्याबद्दल आभार. प्रश्न असा होता : पंचविसांहून अधिक अक्षरांचा, आणि ज्यात ‘ओ’ व ‘सी’ ही दोन्ही अक्षरे पाचपाचांहून अधिक वेळा आली आहेत, असा इंग्रजी शब्द कोणता?

बहुतेकांनी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्द कळविला. शब्द मोठा गमतीचा खरा. त्यात ‘आय’ हे अक्षर नऊ वेळा येते आणि इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ‘ई’ एकदाही येत नाही. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, शून्य आणि केस अशा अर्थांचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक मांडून तो रचला आहे. आपण ज्याला ‘कस्पटासमान लेखणे’ म्हणतो, नेमका तोच त्याचा अर्थ. परंतु त्यात ‘ओ’ दोनदाच आणि ‘सी’ चारदाच येतो. तेव्हा हे उत्तर बाद ठरते.

अपेक्षित उत्तर होते ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. रोमन लिपीत याची अक्षरे ४५. त्यांत ‘ओ’ नऊ आणि ‘सी’ सहा. आपल्या लिपीत लिहिल्यास अक्षरे २२च भरतात, हा देवनागरीचा संक्षेप पाहण्याजोगा आहे. आरंभी ‘पी’ हे अक्षर लिहावे लागते, परंतु त्याचा उच्चार इंग्रज करीत नाही. ती ग्रीक माहेरची खूण.

शब्द पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. संस्कृत समासाचा विग्रह करण्याची आपल्याला सवय आहे. तीच येथे उपयोगी पडते. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, अल्ट्रा म्हणजे पलीकडचे, मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारे, सिलिको म्हणजे गारगोटीतील सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ, आणि ओसिस म्हणजे विकृती. एकत्र वाचा : ज्वालामुखीतील अतिसूक्ष्म सिलिकाधूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुफ्फुसांचा विकार. अमेरिकेतील शब्दकोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली हा शब्द मुद्दाम लांबलचक रचला, आणि पुढे ऑक्सफर्डच्या कोशानेही त्यास स्थान दिले.

शब्द कौतुकासाठी रचलेला असला, तरी रोग खरा आहे. वैद्यकात त्याचे नाव सुटसुटीत आहे : सिलिकोसिस. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. खडी फोडण्याचे यंत्र पुरते. आमच्या दिल्लीच्या दक्षिण सीमेवर अरवलीचा दगड आहे, आणि तो सिलिकेने भरलेला आहे. येथील गवंडी जाड्या वाळूला ‘बदरपूर’ म्हणत आले, ते तिकडच्याच गावाच्या नावावरून. जवळच्या लाल कुआँ वस्तीत खडीची यंत्रे वर्षानुवर्षे चालली. प्रदूषणामुळे ती दिल्लीतून हलवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला, आणि त्यांच्यासाठी हरियाणातील पाली गावी जागा ठरली. यंत्रे गेली, परंतु छातीत शिरलेली धूळ कोणत्याही आदेशाने बाहेर पडत नाही. काम सुटल्यानंतरही हा रोग वाढत राहू शकतो आणि त्यावर समूळ उपाय नाही.

येथे मला माझी एक चूक सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी खाणकामगारांसाठीचे एक इंग्रजी पत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. ‘सिकता’ म्हणजे वाळू. तीवरून मी ‘सिकतारोग’ असा शब्द घडविला आणि मनोमन संतुष्ट झालो. त्याच सुमारास मराठवाड्यातील खडी फोडणारे एक जोडपे उपचारांसाठी दिल्लीस आले होते. मी ते पत्रक त्यांना वाचून दाखविले. नवरा खोकत होता, बाईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सायेब, म्हंजे ही टीबीच न्हवं का?”

पत्रकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. वस्तुतः तेवढेच सांगावयास हवे होते. दोन्ही रोगांत खोकला येतो, धाप लागते, वजन घटते. सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो; म्हणून गल्लत सहज होते. क्षयाच्या औषधांनी सिलिकोसिस बरा होत नाही. आणि कागदावर केवळ ‘क्षय’ एवढेच लिहिले गेले, तर कामामुळे जडलेल्या रोगाची भरपाई मागण्याचा आधारच निसटतो. १९४८च्या कारखाना अधिनियमात सिलिकोसिसची गणना सरकारला कळवावयाच्या रोगांत झाली होती. हरियाणाने २०१७ साली आणि राजस्थानने २०१९ साली अशा कामगारांसाठी धोरणे आखली. परंतु लाभाची पहिली पायरी म्हणजे रोगाचे अचूक नाव.

त्या रात्री मी पत्रक पुन्हा लिहिले. ‘सिकतारोग’ काढून टाकला आणि लिहिले : “दगडाच्या धुळीने फुफ्फुस निबर होते. हा क्षय नव्हे. मात्र याच्यासोबत क्षय होऊ शकतो. डॉक्टरांना आपण काय काम करतो व किती वर्षे करतो, ते आधी सांगा. छातीचा एक्स-रे जपून ठेवा. दगड ओला करून फोडा. तोंडाला नुसते फडके बांधल्याने बारीक धूळ अडत नाही.”

वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी कोणी दगड, काच वा वाळूचे काम करीत असेल, तर पंचेचाळीस अक्षरांचा शब्द त्यांस सांगू नका. ही सात वाक्ये अवश्य सांगा.

आता पुढील अंकासाठी प्रश्न : पंधरा अक्षरांचा, आणि एकही अक्षर दोनदा न येणारा इंग्रजी शब्द कोणता? सूचना अशी की त्याचा संबंध लेखक व प्रकाशक यांच्या हक्काशी आहे. उत्तरासोबत त्याचा अर्थही घरातील सर्वांना समजेल अशा मराठीत लिहून धाडावा. गुण अर्थालाच अधिक मिळतील.