स्वावलंबनाची पुंगळी : घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या दंतकथेविषयी (थ्रेड)

अमेरिकेच्या इतिहासावरील लोकप्रिय लिखाणात एक चित्र हमखास भेटते. सरहद्दीवरच्या लाकडी घरात शेकोटीपाशी एक माणूस शिसे वितळवतो आहे, साच्यात गोळ्या ओततो आहे, झाडलेली पुंगळी पुन्हा भरतो आहे. त्याला सरकार लागत नाही, कारखाना लागत नाही. त्याचाच नातू आज गॅरेजात प्रेस बसवून काडतुसे भरतो, म्हणून तोही त्याच स्वातंत्र्याचा वारस. चित्र देखणे आहे, पण खोटे आहे. शिवाय ज्यांनी हीच कामगिरी याहून कितीतरी कठीण परिस्थितीत केली, त्यांना चौकटीबाहेर ठेवून ते काढलेले आहे.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. यांपैकी घरच्या चुलीवर सहज होण्यासारखी गोष्ट एकच, शिशाची गोळी. उरलेल्या तीन वस्तूंचा इतिहास हा कारखान्यांचा, शस्त्रागारांचा आणि व्यापारी मार्गांचा इतिहास आहे. दंतकथा नेमकी तेवढीच एक वस्तू उचलते.

तोंडाकडून ठासायच्या बंदुकीच्या काळापुरते हे चित्र अर्धे खरे मानता येईल. प्रत्येक नळीचा व्यास थोडा वेगळा असे, म्हणून बंदुकीसोबत तिचा स्वतःचा साचा मिळे आणि गोळी घरीच ओतावी लागे. पण दारू? डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन ओढ्याच्या काठी १८०२ मध्ये सुरू झालेला द्यु पाँचा कारखाना हा त्या देशातील दारूचा सर्वांत मोठा स्रोत होता, आणि त्याला लागणाऱ्या सोऱ्याचा मोठा वाटा येई बंगाल-बिहारमधून. तिथल्या गावांतून खारवट माती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढणारा समाज नोनिया म्हणून ओळखला जाई. यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ च्या अखेरीस लॅमॉट द्यु पाँ याला उत्तरेच्या सरकारने मुद्दाम लंडनला धाडले, ते हाच हिंदुस्थानी सोरा विकत घेण्यासाठी. ‘ट्रेंट’ जहाजाच्या प्रकरणावरून ब्रिटनशी तणाव वाढताच ब्रिटिश सरकारने ती निर्यात रोखून धरली आणि वॉशिंग्टनमध्ये चिंता पसरली. केंटकीतल्या स्वावलंबी शिकाऱ्याच्या शिंगातली दारू अशी सारण-तिरहुतच्या मातीशी बांधलेली असू शकते. हे त्या देखण्या चित्रात कुठेच दिसत नाही.

पुढे धातूचे काडतूस आले. स्मिथ अँड वेसनचे १८५७ चे छोटे काडतूस किंवा १८६० च्या हेन्री रायफलीचे काडतूस यांत पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या कडेच्या दुमडीत भरलेले असे. घोडा पडला की ती कड चेपली जाई. अशी पुंगळी पुन्हा भरणे व्यवहारात अशक्यच. म्हणजे धातूचे काडतूस प्रथम आले ते घरच्या कारागिराला बाद करीतच.

परिस्थिती पालटली १८६६ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेचा हायरम बर्डन आणि वूलिचच्या शाही प्रयोगशाळेचा अधीक्षक एडवर्ड बॉक्सर या दोघांनी मध्यभागी पेटणाऱ्या काडतुसासाठी दोन वेगळ्या रचना मांडल्या. बर्डनच्या रचनेत ज्यावर मिश्रण चिरडते ती ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असते, आणि ठिणगी जायला ऐरणीच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात. बॉक्सरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते. फरक क्षुल्लक वाटेल, पण घरी भरण्याचा सगळा छंद याच एका छिद्रावर उभा आहे. आतून एक सरळ सुई दाबली की वापरलेला प्रायमर बाहेर पडतो; बर्डनच्या पुंगळीत ते इतके सोपे नाही. गंमत अशी की अमेरिकी माणसाची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. अमेरिकी स्वावलंबनाचे हे मूळ सापडते ते इंग्लंडच्या सरकारी प्रयोगशाळेच्या अधीक्षकाच्या मेजावर.

आता १८७० च्या दशकातल्या मैदानांकडे यावे, कारण दंतकथेला सर्वांत प्रिय असलेला माणूस तिथे आहे : रात्री छावणीत शार्प्स रायफलीची काडतुसे भरत बसलेला बायसनचा शिकारी. तो काडतुसे भरी हे खरेच. पण कशासाठी? १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून कारखान्यांना चालेल असे चामडे कमावण्याची रीत हाती आली, आणि यंत्रांच्या पट्ट्यांसाठी त्याला मागणी आली. १८७२ मध्ये रेल्वे डॉज सिटीला पोहोचली. त्याच रेल्वेने दारूची पिंपे आणि शिशाच्या लगडी पश्चिमेला आणल्या, आणि परत जाताना कातडी पूर्वेला नेली. रोज मोठ्या संख्येने गोळ्या झाडायच्या तर तयार काडतूस महाग पडे. पुंगळी पुन्हा भरणे हा खर्च वाचवण्याचा हिशेब होता. त्या शेकोटीपाशी बसलेला माणूस औद्योगिक साखळीची शेवटची कडी होता. दक्षिणेकडचा कळप त्या दशकाअखेर संपला, उत्तरेकडचा १८८३ पर्यंत. त्या कळपांवर जगणाऱ्या कोमांची, कायोवा, लकोटा, शायेन लोकांचे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको.

आणि खरा कारागीर याच लोकांत होता. झाडलेल्या पुंगळ्या वेचून, नेहमीचा प्रायमर मिळत नाही म्हणून जुन्या बंदुकीच्या साध्या टोप्या बुडात बसवून, मैदानी योद्धे काडतुसे पुन्हा भरत. अमेरिकी लष्करातील कर्नल रिचर्ड आयर्विंग डॉज याने ही युक्ती नोंदवून ठेवली आहे. त्यांच्यापाशी दुकान नव्हते, हत्यारे नव्हती, रेल्वे तर शत्रूची होती. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टर मारला गेला आणि त्यानंतर दीडच महिन्यात, ऑगस्टमध्ये, काँग्रेसने ठराव करून शत्रुत्व करणाऱ्या जमातींपर्यंत धातूची काडतुसे पोहोचू नयेत यासाठी पावले उचलण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. वॉशिंग्टनला काडतुसाचे राजकारण नीट कळत होते. गोरा शिकारी भरतो ते कौशल्य आणि लकोटा भरतो तो धोका, ही विभागणी तेव्हाची आहे. आजची दंतकथा ती मुकाट्याने पुढे चालवते.

यापुढचा भाग यंत्रांचा. जॉन बार्लो याने १८८४ मध्ये न्यू हेवन येथे आयडियल कंपनी काढली आणि अडकित्त्यासारखे दिसणारे हातात मावणारे साधन घराघरांत नेले. १९२५ मध्ये ती कंपनी लायमनकडे गेली. याच काळात फ्रान्समध्ये १८८४ साली व्येय याने लावलेल्या धूरविरहित दारूचा शोध सर्वत्र पसरला, आणि घरच्या माणसाचा अंदाजपंचे कारभार संपला. काळी दारू पुंगळीभर ओतली तरी बहुधा निभावत असे. नव्या दारूत वजनातली चूक बंदूक फोडू शकते. म्हणून तराजू आला, मापांचे तक्ते आले, आणि ते तक्ते छापणार कोण, तर दारू आणि गोळ्या विकणाऱ्या कंपन्या. घरातला कारागीर येथून पुढे कारखान्याच्या पुस्तकाबरहुकूम चालू लागला.

दुसऱ्या महायुद्धाने या छंदाला खरी बरकत दिली, आणि तीही सरकारी कोठारातून. युद्धात बाजारातल्या गोळ्या आटल्या तेव्हा कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये झाडलेल्या छोट्या पुंगळ्यांपासून गोळीचे वेष्टन घडवणारे साचे बनवले. आरसीबीएस या नावाचा उगम तोच. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडनने गारंड रायफलीसाठी बनलेली ४८९५ क्रमांकाची शिल्लक दारू सरकारकडून टनांनी उचलली आणि छंदिष्टांना स्वस्तात विकली. करदात्यांच्या पैशाने बनलेल्या दारूवर वाढलेल्या छंदाला राज्यनिरपेक्ष म्हणणे धाडसाचे आहे.

प्रेसचेही तेच. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी उघडी चौकट जोर पडला की किंचित फाके, म्हणून बंद ‘ओ’ चौकट आली. मग एकेका कृतीसाठी डाय बदलण्याचा कंटाळा टाळणारी फिरत्या माथ्याची प्रेस, आणि पुढे दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस; माइक डिलन या वैमानिकाने ती सामान्य छंदिष्टाच्या आवाक्यात आणली. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र बहुतांशी टिकली : डायचा आटा. ७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे. आजोबांची डाय नातवाच्या नव्या प्रेसमध्ये बसते, ती या मापामुळे. छंदिष्ट याला परंपरा म्हणतात. खरे तर हे प्रमाणीकरण आहे, आणि प्रमाणीकरण हा कारखानदारीचा आत्मा आहे.

कोणी म्हणेल, कुंभारही माती स्वतः निर्माण करत नाही, मग त्याचे कौशल्य खोटे का? कौशल्य खोटे नाहीच. पुंगळीची मान किती घट्ट ठेवावी, गोळी किती खोल बसवावी, हे हाताने आणि धीराने शिकावे लागते. अचूक नेमबाजीचा मोठा भाग त्यावर उभा आहे. आक्षेप आहे तो कौशल्याला राजकीय सिद्धान्त बनवण्याला. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत प्रायमरचा तुटवडा पडला. प्रायमर बनवणाऱ्या कंपन्या मूठभर. तेव्हा उत्तमातल्या उत्तम प्रेस घराघरांतल्या बाकांवर नुसत्या उभ्या राहिल्या.

भारतीय वाचकाने तर या दंतकथेला भुलण्याचे काहीच कारण नाही. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवण्याचे धोरण आले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि लिटनच्या काळातला शस्त्र कायदा १८७८ चा. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात जखडले आणि युरोपियनांना सूट दिली. त्याच दशकात, ज्या बंगाल-बिहारच्या सोऱ्याने कित्येक पिढ्या जगाच्या तोफा धडाडल्या, तिथल्या माणसाला परवान्याविना एक काडतूस बनवण्याची मुभा नव्हती. १९५९ च्या कायद्याने वंशभेद गेला, परवाना राहिला.