आकाश पाहण्याचा खर्च

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशानजीक उतरले आणि बांद्यापासून चांद्यापर्यंत आनंदाला उधाण आले. ते स्वाभाविकच होय. परंतु ग्रहगोलांचा अभ्यास हा एका संध्याकाळचा सोहळा नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाचा व्यवहार आहे, आणि या व्यवहारातील महाराष्ट्राच्या खातेवहीची काही पाने कोरी राहिली आहेत.

आरंभ तुटपुंज्या भांडवलावर झाला. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत, तेव्हा ज्या ग्रंथाचा जो ग्रह जुळेल तो घ्यावा, असे धैर्य त्यांनी दाखविले. पुढे त्यांच्या गणितातही अंतर पडले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा इतिहास १८९६ मध्ये निघाला, तोही एका शिक्षकाच्या हातून. या कामांना शाई, कागद आणि डोळ्यांचे तेल एवढेच लागले.

त्यापुढचे पाऊल मात्र एवढ्यावर भागणारे नव्हते. भावनगरच्या महाराजांची देणगी व सरकारची मदत यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी ती चालविली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तेथेच उतरले होते. अशा योग्यतेचे हे काम १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त होताच थांबले. वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बीण घेणे हा एकदाचा खर्च, ती राबविणारा माणूस पोसणे हा सालोसालचा. पहिल्यास देणगीदार मिळतो व कोनशिलाही बसते. दुसऱ्यास अंदाजपत्रकात आपली ओळ लागते. पुण्यात ती ओळच नव्हती.

उलट अनुभव जुन्नर तालुक्यातील खोडदचा आहे. तेथील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या आकाशगंगांसाठी उभारलेल्या. परंतु १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा क्षीण संदेश येथेच टिपला गेला. यान कोसळले, तरी कोठवर सारे ठीक होते याचा माग त्या संदेशावरून लागला. दोन दशके निगा राखलेले यंत्र आणि तयार माणसे हाताशी नसती, तर त्या दिवशी धावपळ करून काहीही हाती लागले नसते.

म्हणूनच राज्यातील महाविद्यालयांत अध्यापकांच्या असंख्य जागा रिक्त ठेवून, तासिकेवर माणसे नेमून जी काटकसर साधली जाते, तिचा हिशेब मांडावयास हवा. विज्ञान केंद्रांच्या इमारतींना मंजुरी देताना पुढील वीस वर्षांच्या वेतनाची तरतूदही त्याच ठरावात असली पाहिजे. ती नसेल तर इमारतीची मंजुरी थांबविणे बरे.