रॅपमधला ‘मी’ चळवळीला का खुपतो?

आंबेडकरी चळवळीत सध्या एक नवी तक्रार ऐकू येते. ‘ही रॅप करणारी पोरं फक्त स्वतःबद्दल बोलतात. माझा बाप, माझी खोली, माझं टेन्शन, माझी उडालेली झोप. यात समाज कुठे आहे? बाबासाहेब कुठे आहेत?’ नागपुरात इंदोरा, पाचपावली, रामेश्वरी भागातल्या युवकांबरोबर काम करताना ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या तोंडून आम्ही हे नेहमी ऐकतो. या तक्रारीचा प्रतिवाद करणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण प्रश्न गाण्याच्या आवडीनिवडीचा नाही, पोरांच्या जिवाचा आहे.

आधी ही पोरं काय म्हणतात ते ऐकू. एकवीस वर्षांचा एक रॅपर आम्हाला म्हणाला, “भीमगीत गातो तवा मी समाजाचा रायतो. रॅप लिवतो तवा माह्या सोताचा रायतो. मले दोनी पाह्यजे.” यात भीमगीताचा अपमान कुठे आहे? तो फक्त एक जागा मागतो आहे, जिथे त्याला शूर असण्याचे सोंग करावे लागणार नाही.

रॅप परके आहे, हा आक्षेप तर टिकणाराच नाही. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये काळ्या आणि लॅटिनो तरुणांनी हिपहॉप घडवले. त्याच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले होते. नाव चालते, मग ताल का चालू नये? आणि भीमगीतांच्या कव्वालीचे मुकाबले ज्यांनी रात्र-रात्र जागून ऐकले, त्यांना शब्दाला शब्द भिडवणे ही काय चीज आहे ते रॅपने शिकवायची गरज नाही.

अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून थेट आंबेडकरी विचार मांडतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. अडचण होते ती दुसऱ्या प्रकारच्या रॅपची. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. त्याआधी तोच पोरगा त्या घरातून बाहेर पडायचे म्हणून अडून बसला होता. त्याच्या बोलीची टिंगल झाली, कपड्यांची झाली. तो चळवळीचा माणूस नाही. पण वस्तीतला एक पोरगा टीव्हीवर ‘माझं मन लागत नाही’ हे लपवत नाही, हे आपल्या पोरांनी पाहिले. व्यासपीठावरच्या भाषणांतून त्यांना हे कधी ऐकायला मिळाले होते?

आता ‘मी’बद्दल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, या मसुद्याने गाव हे एकक नाकारून व्यक्ती हे एकक स्वीकारले, याचा त्यांना आनंद आहे. उद्देशिकेतही व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. जात माणसाचा ‘मी’च हिसकावून घेते. ती त्याला आडनाव बनवते, वस्ती बनवते, प्रवेशयादीतला प्रवर्ग बनवते. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रात हेच दुःख मांडले होते: माणसाकडे एक मन म्हणून पाहिले जात नाही. म्हणून वस्तीतला पोरगा ‘मी’ म्हणतो तेव्हा तो समाजापासून तुटत नाही. जातीने नाकारलेली गोष्ट तो परत मागत असतो.

या ठिकाणी विलास घोगरे यांची आठवण काढावीच लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, या शाहिराने स्वतःचे जीवन संपवले. त्यांचा मृत्यू हा राज्यसंस्थेवरचा आरोप आहे, त्याला केवळ नैराश्य म्हणून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. पण आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात हेही येते की, ज्या मंचासाठी ते गायले त्या मंचाने त्यांना दूर केले होते. संपूर्ण वस्तीचे दुःख ज्याच्या गळ्यातून बाहेर पडत होते, त्याला ‘विलासभाऊ, तुम्ही कसे आहात?’ असे विचारणारी जागा आपल्या संघटनांत होती का? आज तरी आहे का?

मनाबद्दल बोलणे हे चळवळीबाहेरचे काम नाही. धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागतांच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून मनाचे केंद्रस्थान सांगितले. तरीही नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हणतात. या शहरात कोणता पोरगा घरी सांगेल की, मला डॉक्टरांकडे जायचे आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क दिला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. पण समुपदेशकाला जात कळत नसेल तर तो ‘पॉझिटिव्ह विचार कर’ एवढेच सांगेल. आरक्षणावरून रोज टोमणे खाणाऱ्या विद्यार्थ्याला विचार नव्हे, वसतिगृह बदलायला हवे असते.

‘यात बाजार आहे’ हा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. सोनसाखळी, महागडे बूट आणि बाईवरून शिव्या, हाही एक ‘मी’ आहे आणि तो खूप विकला जातो. त्यावर कठोर टीका झालीच पाहिजे. पण दुसऱ्याला तुडवून उभा राहणारा ‘मी’ आणि स्वतःची जखम दाखवणारा ‘मी’ यांत फरक करता आला पाहिजे. तो फरक करायला आधी गाणे पूर्ण ऐकावे लागते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. जयंतीच्या मंचावर या पोरांना शेवटची उरलेली पाच मिनिटे नव्हे, ठरलेली वेळ आणि ठरलेले मानधन द्या. गाण्यात बाबासाहेबांचे नाव किती वेळा येते ते मोजू नका. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा, जिथे तरुण बोलतील आणि मोठी माणसे उपदेश न करता ऐकतील. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, आरोग्य तपासणीचेही लागतात. त्यांच्या शेजारी मनाच्या आरोग्याचा एक स्टॉल लावायला काय हरकत आहे? आपल्यातले मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्राचे प्राध्यापक, समाजकार्याचे विद्यार्थी तिथे बसू शकतात.

शाहीर गेल्यावर अभिवादन सभा घेणे आपल्याला चांगले जमते. तो जिवंत असताना त्याची विचारपूस करणे, हेही चळवळीचेच काम आहे.

जयभीम!